दातांसाठी कॅल्शियम कोणतं घ्यावं? सांगली-मिरज भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दाढ ठणकली, दात हलायला लागला, पोराच्या दातावर डाग दिसला, की आपल्याकडे घरात कुणीतरी म्हणतंच, "कॅल्शियम कमी पडलं असेल, मेडिकलमधून गोळ्या आणा." कोणत्या आणायच्या हे मात्र कुणालाच नक्की माहीत नसतं. काही जणांना कॅल्शियमची खरोखर गरज असते आणि त्यांनी ते नीट निवडूनच घ्यायला हवं. पण गोळ्या चालू आहेत या भरवशावर महिने जातात आणि वेळेत भरली असती तर वाचली असती अशी दाढ शेवटी काढावी लागते, हेही आम्ही दातांचे डॉक्टर फार वेळा बघतो. म्हणून दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

दात किडलाय. कॅल्शियमच्या गोळ्यांनी खड्डा भरून येईल का?

नाही येणार. हाड मोडलं तर जुळतं, कारण हाडात जिवंत पेशी असतात आणि रक्त खेळतं. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. त्यात रक्तवाहिनी नाही, पेशी नाही. दात एकदा हिरडीबाहेर आला की पोटातून गेलेलं कॅल्शियम त्या कवचापर्यंत पोहोचण्याची वाटच उरत नाही. पडलेला खड्डा दातांच्या डॉक्टरांकडून भरूनच घ्यावा लागतो. तो जितका लहान असताना भराल तितका खर्च कमी आणि त्रासही कमी.

मग बाहेर आलेल्या दाताला कॅल्शियम मिळतं तरी कुठून?

लाळेतून. आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि निघालेलं खनिज परत बसवते. हे दिवसभर चालू असतं. दर तासाला साखरेचा चहा, मध्ये बिस्कीट, मग मूठभर बेदाणे असं चाललं की लाळेला दुरुस्तीला उसंतच मिळत नाही, आणि कीड लागते.

गोळी घेतल्याने लाळेतलं कॅल्शियम फारसं वाढत नाही, कारण शरीर रक्तातली कॅल्शियमची पातळी एका ठरावीक मर्यादेतच धरून ठेवतं. लाळ परत बसवत असलेलं खनिज घट्ट धरून ठेवण्याचं काम फ्लोराइड करतं. म्हणून बाहेर आलेल्या दातांसाठी रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने घासलेले दात कॅल्शियमच्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त मोलाचे आहेत. ज्यांचं तोंड सतत कोरडं पडतं, म्हणजे मधुमेह असलेले, रक्तदाब, नैराश्य किंवा ॲलर्जीची काही औषधं घेणारे, मानेवर रेडिएशन झालेले, त्यांचे दात फार झपाट्याने किडतात. त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी दात दाखवावेत.

असं असेल तर दातांसाठी कॅल्शियम खायचंच कशाला?

दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे दात घडत असताना. दुधाच्या दातांत खनिज भरायला सुरुवात आईच्या पोटात, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास होते. पहिली कायमची दाढ बाळाच्या जन्माच्या सुमारास घडायला लागते, आणि अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या सगळ्या दातांची डोकी साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार झालेली असतात. या काळात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं तर दात कच्चा घडू शकतो, आणि तो नंतर सुधारता येत नाही.

दुसरं कारण जबड्याचं हाड. दात त्या हाडात उभे असतात. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. आहारातून कमी आलं की शरीर ते हाडांतून काढतं, दातांतून नाही. जबडाही हाडच आहे. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांनी, याकडे लक्ष द्यायला हवं.

रोज किती लागतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मोठ्या माणसाला रोज १००० मि.ग्रॅ., अंगावर पाजणाऱ्या आईला १२०० आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. मुलांना १ ते ३ वर्षांत ५००, ४ ते ६ वर्षांत ५५०, ७ ते ९ वर्षांत ६५०, १० ते १२ वर्षांत ८५० आणि १३ ते १५ वर्षांत १०००. हा आकडा दिवसभराच्या जेवणाचा आणि गोळीचा मिळून आहे. सगळा गोळीतूनच भरायचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चुकीचा आहे.

आपल्या जेवणातून एवढं कॅल्शियम मिळतं का?

मिळू शकतं, पण ताट बघावं लागतं. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मि.लि. दुधात सुमारे १२० मि.ग्रॅ. कॅल्शियम असतं. म्हणजे २०० मि.लि.च्या एका पेल्यात २४०. वाटीभर दही धरा साधारण १२० ते १५०. आपल्या जिल्ह्यात दूध भरपूर, पण बऱ्याच घरांतलं सगळं दूध डेअरीला जातं आणि घरात फक्त चहापुरतं राहतं. चहातल्या दोन चमचे दुधाला दूध पिणं म्हणता येत नाही. घालायच्या दुधातून एक पेला पोरांसाठी आणि एक घरातल्या बाईसाठी आधी बाजूला काढून ठेवा, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे रोजची भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम जेमतेम पंचवीस-तीस मि.ग्रॅ. निघतं. नाचणीत तेच साडेतीनशेच्या आसपास. शेजारच्या पाटण-जावळीच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी इकडे बाजारात सहज मिळते. आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील केली तरी फरक पडतो. पीठ आंबवलं किंवा नाचणीला मोड आणले की तिच्यातलं फायटेट, म्हणजे कॅल्शियम अडवून धरणारा घटक, कमी होतं आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. आंबील करणाऱ्या आपल्या आज्यांची पद्धत पूर्णपणे बरोबर होती.

तिळात आकडा मोठा, १०० ग्रॅमला बाराशेच्याही वर. पण त्यातलं बरंचसं टरफलात असतं आणि ऑक्झलेट नावाच्या घटकाशी बांधलेलं असतं, त्यामुळे सगळं पचत नाही. तरी भाकरीबरोबर दोन चमचे तिळाची चटणी चांगलीच. पालकाचंही तसंच, ऑक्झलेटमुळे त्यातलं कॅल्शियम फार थोडं मिळतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा. कुळथाचं पिठलं आणि काट्यांसकट खाल्लेले छोटे सुके मासेही उपयोगी. गुळात कॅल्शियम असतं म्हणून मुलांना दिवसभर गूळ-शेंगदाणे देणारे पालक भेटतात. गुळात ते असतं, पण थोडं, आणि दाताच्या दृष्टीने गूळ ही साखरच. जेवताना खा, येता-जाता नको.

ताक-दही आंबट असतं, त्याने दात झिजत नाहीत का?

नाही. दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की आंबट असूनही ते इनॅमल विरघळवत नाही. लिंबू सरबत आणि बाटलीतली थंड पेयं मात्र झिजवतात. द्राक्षाच्या हंगामात बागेत काम करताना दिवसभर मणी तोंडात टाकत राहणाऱ्यांचे दात आंबतात, शिवशिवतात. त्यांनी खाऊन झालं की साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये, निदान अर्धा तास थांबावं.

गोळ्यांत कार्बोनेट, सायट्रेट, फॉस्फेट असं काय काय असतं. दातांसाठी कोणतं चांगलं?

दातांसाठी म्हणून वेगळं असं कोणतंच चांगलं नाही. पोटातून रक्तात गेलं की कॅल्शियम ते कॅल्शियमच. निवड करायची ती तुमचं पोट, तुमचं वय, तुमची इतर औषधं आणि खिसा बघून.

कॅल्शियम कार्बोनेट सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. त्याच्या वजनाच्या ४० टक्के शुद्ध कॅल्शियम असतं, म्हणून गोळ्या कमी लागतात. पण ते विरघळायला पोटात आम्ल लागतं, त्यामुळे जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यावं. काहींना त्याने पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं.

कॅल्शियम सायट्रेटमध्ये शुद्ध कॅल्शियम सुमारे २१ टक्के. गोळी मोठी, किंमत जास्त. पण ते आम्लावर अवलंबून नसतं, उपाशीपोटी घेतलं तरी चालतं. रोज सकाळी पित्ताची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल वगैरे घेणाऱ्यांना आणि वयामुळे पोटातलं आम्ल कमी झालेल्यांना आम्ही बहुधा हेच सुचवतो. सायट्रेट मॅलेट हा त्याचाच भाऊबंद, तोही चांगला शोषला जातो आणि पोटाला सोसतो.

ट्रायकॅल्शियम फॉस्फेट "दात ज्याचे बनले तेच" म्हणून विकलं जातं. दात कॅल्शियम आणि फॉस्फेटचेच बनलेले असतात हे खरं, पण पोटात गेलेलं फॉस्फेट सरळ दातात जाऊन बसत नाही, आणि आपल्या भाकरी-डाळीत फॉस्फरस आधीच पुरेसा असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

लॅक्टेट १३ टक्के, ग्लुकोनेट ९ टक्के. म्हणजे ५०० मि.ग्रॅ. ग्लुकोनेटच्या गोळीतून पंचेचाळीस मि.ग्रॅ.च्या आसपास हाती लागतं. तेवढं अर्ध्या कपापेक्षा कमी दुधात मिळतं.

पोट ठीक आहे, इतर औषधं नाहीत आणि आहार खरोखर कमी पडतोय, अशा माणसाने साधं कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. महागड्या पाकिटाने दात जास्त पक्के होत नाहीत.

पाकिटावर एकीकडे १२५० आणि एकीकडे ५०० लिहिलंय. नक्की किती?

५००. १२५० हे कार्बोनेटचं पूर्ण वजन, त्यातलं शुद्ध कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. पाकिटावर "एलिमेंटल कॅल्शियम" असे शब्द असतात, त्यापुढचा आकडा तेवढा बघायचा. दोन कंपन्यांच्या गोळ्यांची किंमतही त्याच आकड्यावरून ताडून बघा. सिरपच्या बाटलीवर हा आकडा ५ मि.लि.ला किती असा दिलेला असतो, आणि बाटलीगणिक तो बराच बदलतो.

एका वेळी ५०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त घेतलं तर वरचं नीट शोषलं जात नाही. दिवसाला १००० सांगितलं असेल तर दोन जेवणांत वाटून घ्या.

दुसऱ्या औषधांबरोबर चालतं का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेत असाल तर कॅल्शियममध्ये निदान चार तासांचं अंतर हवं. नाहीतर थायरॉइडची गोळी लागू पडत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स कॅल्शियमला चिकटतात आणि वाया जातात. हिरड्यांच्या आजारात कधीकधी आम्हीच डॉक्सिसायक्लिन लिहून देतो, तेव्हा घरी कॅल्शियम चालू असेल तर त्याच वेळी सांगा.

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या पुरतात का?

हो, आणि त्या घ्यायलाच हव्यात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १४ व्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियमची गोळी ड जीवनसत्त्वासह दिवसातून दोनदा दिली जाते. आशाताई देतात ती लाल गोळी लोहाची. ती आणि कॅल्शियम एकाच वेळी गिळू नका. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर आणि लोह दोन जेवणांच्या मधल्या वेळी, असं लक्षात ठेवायला सोपं जातं.

"एका बाळंतपणाला एक दात जातो" असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का?

पोटातलं बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढत नाही. दात जातात ते दुसऱ्या कारणांनी. उलट्यांचं आम्ल दातांवर येतं, संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं म्हणून बाई ब्रश करायचं टाळते, थोडं थोडं सारखं खाल्लं जातं, आणि गरोदरपणात दात दाखवायचे नसतात या समजुतीने दुखणं अंगावर काढलं जातं. दात भरणं, साफ करणं हे चौथ्या ते सहाव्या महिन्यांत अगदी निर्धास्त करता येतं. उलटी झाली की लगेच घासू नका, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून गुळण्या करा. रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवू नका, मऊ ब्रशने घासत राहा. साफ झालं की रक्त थांबतं.

बाळाला दात उशिरा येतायत. कॅल्शियमचं सिरप सुरू करू का?

सहसा गरज नसते. पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, पण वर्षापर्यंत वाट बघायला हरकत नाही. घराण्यातच उशिरा येण्याची रीत असते. वर्ष उलटूनही एकही दात नसेल, किंवा टाळू उशिरापर्यंत भरली नसेल, पाय वाकलेले दिसत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो मुडदूस असू शकतो आणि त्यात ड जीवनसत्त्व मुख्य असतं.

दात येताना बाळाला देतात त्या गोड पांढऱ्या बायोकेमिक गोळ्यांबद्दलही विचारतात. त्यावर ६एक्स लिहिलेलं असेल तर मूळ द्रव्य दहा लाख भागांत एक भाग आहे, असा त्याचा अर्थ. त्यातून कॅल्शियम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मुलाच्या दातावर पांढरे डाग आहेत. कॅल्शियम कमी आहे ना?

बहुतेक वेळा नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ असेल तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर कीड अजून परत फिरवता येते: गोड कमी, रात्रीचा ब्रश, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी दवाखान्यात लावायचं फ्लोराइडचं वार्निश. दाढेवर किंवा पुढच्या दातावर पिवळट-तपकिरी ठिसूळ ठिगळ असेल तर तो दात घडतानाचा दोष असू शकतो. आणि सगळ्या दातांवर दोन्ही बाजूंना सारख्या पांढऱ्या रेघा किंवा तपकिरी छटा असतील तर बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे का ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मि.ग्रॅ.पर्यंत असावं. या तिन्हींत कॅल्शियम सिरपने डाग जात नाही.

एक गोष्ट पालकांनी अगदी मनावर घ्यावी. सहाव्या वर्षी दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, कोणतीही दाढ न पडता, एक नवी दाढ येते. ती कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि दहाव्या वर्षी ती काढायची वेळ येते.

मुलांसाठी चघळायच्या गोळ्या, गमी, फसफसणाऱ्या गोळ्या चांगल्या का?

दातांच्या डॉक्टरांना त्या आवडत नाहीत. गमी चिकटतात, साखर दाढेच्या खाचांत बसते. चघळायच्या गोळ्यांतही बहुधा साखर असते. फसफसणाऱ्या गोळ्यांत सायट्रिक आम्ल आणि सोडियम. सिरप गोडच असतं. द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर द्या, वरून पाणी पाजा, आणि रात्री घासून झाल्यावर तर मुळीच नको. हेच रात्रीच्या दुधाला लागू आहे: आधी दूध, मग ब्रश. दुधाची बाटली तोंडात धरून झोपलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात वर्ष-दीड वर्षात काळे पडतात.

पान-तंबाखूचा चुना म्हणजे कॅल्शियमच. रोज गव्हाएवढा चुना दह्यातून घेतला तर?

मोबाइलवर हा सल्ला जोरात फिरतो, म्हणून सविस्तर सांगतो. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, यात शंका नाही. पण तो दाहक आहे. तोंडाची नाजूक त्वचा आणि अन्ननलिका त्याने भाजते. मुलाच्या डोळ्यात चुन्याची डबी फुटली तर नजर जाऊ शकते. बाजारातला चुना खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो, त्यात शिसं किंवा इतर धातू किती हे कुणी तपासलेलं नसतं, आणि "गव्हाएवढा" हे माप प्रत्येक हातात वेगळं. हेच कॅल्शियम दुधात आणि मोजून भरलेल्या गोळीत मिळत असताना ही जोखीम घेऊ नका.

शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आम्हीही वापरतो, पण ते रूट कॅनॉलच्या वेळी दाताच्या आत, जंतू मारण्यासाठी. तोंडात चोळायला नव्हे. आणि तंबाखूबरोबरच्या चुन्यातून कॅल्शियम मिळतं म्हणून मनाची समजूत घालणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन गालातून जास्त वेगाने रक्तात जातं. ज्या जागी तंबाखूची गोळी दाबून धरता ती जागा आधी दाखवून घ्या.

शंखभस्म, प्रवाळ, अंड्याच्या टरफलाची पूड?

रसायनाच्या भाषेत ही तिन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. भस्मं वैद्यांच्या सल्ल्याने आणि भरवशाच्या ठिकाणचीच घ्या. टरफलं घरी कुटून खाऊ नका, त्यावर जंतू असतात आणि कच घशाला लागते.

आम्ही जैन आहोत. घरात माळकरीही आहेत. गोळी शाकाहारी असते का?

प्रत्येक असतेच असं नाही, आणि आपल्या भागात हा प्रश्न रास्त आहे. काही गोळ्यांतलं कार्बोनेट चुनखडीच्या दगडापासून असतं, तर काहींवर "ऑइस्टर शेल" लिहिलेलं असतं, म्हणजे कालवाच्या शिंपल्यापासून. हायड्रॉक्सीॲपॅटाइट (हाडात असतं ते कॅल्शियम-फॉस्फेट) असलेली काही उत्पादनं जनावरांच्या हाडापासून बनतात. ड३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात, आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. दगडफुलासारख्या लायकेनपासून (बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून बनतं ते) काढलेलं ड३ ही आता मिळतं. मेडिकलमध्ये विचारताना नुसतं "कॅल्शियम द्या" न म्हणता हे स्पष्ट सांगा.

मूतखडा झाला होता. कॅल्शियम बंद करू का?

जेवणातलं बंद करू नका. दूध-दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि ते लघवीत कमी उतरतं, त्यामुळे खड्याचा धोका उलट कमी होतो. गोळी मात्र यूरॉलॉजिस्टना विचारूनच, आणि घ्यायची झाली तर जेवणाबरोबरच.

कॅल्शियम खाल्ल्याने, किंवा बोअरचं जड पाणी प्यायल्याने, दातांवर कीट चढते का?

नाही. न घासल्या गेलेल्या जंतूंच्या थरावर लाळेतलं खनिज बसून कीट तयार होते. ती ब्रशने निघत नाही, दवाखान्यात काढून घ्यावी लागते. साफ केल्याने दात ढिले होत नाहीत. कीट निघाल्यावर आधीच सुटलेल्या जागा उघड्या दिसतात, म्हणून तसं वाटतं.

कॅल्शियमवाली टूथपेस्ट?

बहुतेक पेस्टांतलं कॅल्शियम कार्बोनेट घासायच्या पुडीचं काम करतं, दाताला खनिज देत नाही. पेस्ट घेताना फ्लोराइड आहे का आणि ते १००० पीपीएमच्या आसपास आहे का, एवढं पाहा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत मटारएवढी. किडीची सुरुवात किंवा शिवशिव असेल तर आम्ही कधी दुधाच्या प्रथिनापासून केलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं क्रीम लावायला देतो. दुधाची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही.

मिश्रीत दातांच्या उपयोगाचं काहीच नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. हिरड्या मागे सरतात, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लहानपणापासून मिश्री लावणाऱ्या मावशी-काकूंना एकदम सोडायला जड जातं, हे आम्ही जाणतो. तरीही सोडा, आणि त्यासाठी मदत मागायला लाजू नका.

आईचं वय पासष्ट. दात हलतात. कॅल्शियम चालू केलंय, पण फरक नाही.

हलणाऱ्या दातांमागे बहुधा हिरड्यांचा आजार असतो, ज्याला आपण पायरिया म्हणतो. मधुमेह ताब्यात नसेल तर तो फार वेगाने वाढतो. कॅल्शियमने जंतू जात नाहीत. आधी हिरड्यांची सफाई, साखरेची तपासणी, आणि त्याच्या जोडीला हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, असा क्रम ठेवा.

आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्यापूर्वी ते दातांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही. औषध सुरू करायच्या आधीच खराब दातांचा निकाल लावणं सगळ्यात उत्तम. आणि ॲलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी फक्त साध्या पाण्याबरोबर. त्या वेळी कॅल्शियम नको, ते दुपारच्या जेवणाबरोबर.

साठ हजारची ड जीवनसत्त्वाची पुडी किती दिवस घ्यायची?

लिहून दिली असेल तेवढेच आठवडे. चांगलं वाटतंय म्हणून वर्षभर दर रविवारी घेत राहणारे लोक आहेत, आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं. मळमळ, खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. मोठ्या माणसाने जेवण आणि गोळ्या मिळून दिवसाला २५०० मि.ग्रॅ. कॅल्शियमच्या वर जाऊ नये. के२ जीवनसत्त्व घातलेल्या गोळ्या हल्ली येतात. हृदयाच्या झडपेसाठी वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाचा परिणाम बिघडतो.

दाखवायला कुठे जायचं आणि काय घेऊन जायचं?

जवळचा दातांचा दवाखाना सगळ्यात सोयीचा. खर्चाची अडचण असेल तर सांगलीतलं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आणि कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय इथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. कराडकडच्या लोकांना कृष्णा विद्यापीठाचं दंत महाविद्यालय जवळ पडेल. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. रिकामं झालेलं पाकीटही चालतं, नाव वाचता आलं म्हणजे झालं.